दांडीचा ब्रश

“यातला घोड्याचा कोणता?” चैताली मॅडमनी विचारलं.

तबेल्याच्या ओट्यावर चार ब्रश मांडले होते. एक बाटल्या धुवायचा. एक कोळिष्टकं काढायचा. त्याची दांडी एवढी लांब, की रिक्षा तुंगार्लीत पोचली तरी दांडीचं टोक अजून बाजारातच होतं. एक संडासाचा, कोरा करकरीत. आणि एक चुना मारायचा घायपाताचा कुंचा. चारही ब्रशांना दांड्या होत्या. दांड्यांच्या बाबतीत आम्ही काही कमी पडू दिलं नव्हतं.

श्रीपतीनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं तुंगार्लीचं तळं वीतभर आटलं, हे मी शपथेवर सांगतो.

चूक माझी. म्हणजे माझ्या कानाची. आदल्या दिवशी मॅडमचा फोन मी घेतला होता, कारण श्रीपती फोन उचलतो, “कोन हाय?” म्हणून ओरडतो आणि उत्तराच्या आत ठेवून देतो. मॅडम म्हणाल्या, “येताना बाजारातून एक डँडी ब्रश आणायला सांगा. आबांची निवड मला बघायची आहे.” आबा म्हणजे श्रीपती. मी ऐकलं, दांडी ब्रश. मग काय, लोणावळ्याच्या बाजारात दांडीचे जेवढे प्रकार दिसले तेवढे घेतले. एक तरी लागेलच!

“डँडी ब्रशला दांडी नसतेच, आबा,” मॅडम हसू दाबत म्हणाल्या. “तळहाताएवढा असतो, ताठ केसांचा. वाळलेला चिखल झटकायला.”

“कोंडाजी,” श्रीपती माझ्या कानाशी लागला, “ज्याला दांडीच न्हाई त्याला दांडी म्हनत्यात, आन् तू रिक्षा भरून दांड्या आनल्यास?”

मी संडासाचा ब्रश हळूच पाठीमागं सरकवला.

हसण्यासारखं होतं, पण हसायची वेळ नव्हती. श्रीपतीनं भुशीच्या वाटेवर तेहतीस वर्षं पर्यटकांना घोड्यावरून फिरवलं. एकदा एक पैलवान बसला तेव्हा घोड्याचे खूर डांबरात घोट्यापर्यंत रुतले. तिथले खड्डे सरकारला आजतागायत बुजवता आलेले नाहीत. गेल्या दिवाळीत तो घोडा गेला. श्रीपतीनं दुसरा आणला नाही. जावयानं आंबीच्या एका कारखान्यात गेटवर बसायचं काम बघून ठेवलं. उद्या सकाळी सातला हजर व्हायचं होतं. “खुर्चीलाबी पाय चारच असत्यात,” त्याची बायको, शालन, म्हणाली होती. “व्हय,” श्रीपती म्हणाला, “पर ती हुंगत न्हाई.”

सुटकेची वाट एकच. मॅडमच्या या नव्या घोडेस्वारीच्या शाळेत केतकी नावाची घोडी होती. तिनं खरारा करू दिला, म्हणजे अंग घासूनपुसून घेतलं, तर नोकरी श्रीपतीची. मुदत अकरापर्यंत, कारण अकराला मुलं शिकायला येणार होती.

केतकी रेसमधून आलेली. रंगानं तांबूस, कातडी दुधावरच्या सायीसारखी. ब्रश दिसला की कान मागे आणि पाय वर! तीन माणसं तिनं आधीच पळवली होती. तिसरा पळत सुटला तो घाट उतरून खोपोलीत थांबला म्हणतात. त्याची चप्पल अजून यायची आहे.

मॅडमनी पेटी उघडली. आत अकरा ब्रश, गुलाबी, पोपटी, निळे, सगळे प्लॅस्टिकच्या केसांचे. श्रीपतीनं एकेक उचलून स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला फिरवला. जिथं आपली कातडी मऊ तिथं टोचला, तर घोडीच्या पोटाला टोचणारच. शेवटी निळा घेतला, घोडीच्या मानेवर एकदा फिरवला, दोनदा फिरवला, आणि –

फाट्! केतकीची लाथ फळीवर बसली. आख्खा तबेला हादरला.

“दहा वाजले, आबा,” मॅडम म्हणाल्या.

श्रीपती हलला नाही. त्यानं रिकामा पंजा घोडीच्या मानेवर बोटभर अंतरावर धरला. जानेवारीतली कोरडी सकाळ. घोडीचे केस उभे राहून त्याच्या हाताकडे झेपावले. चट्! मी ठिणगी पाहिली. दिवाळीतल्या सुरसुरीएवढी होती. बरं, अर्धी सुरसुरी.

“मॅडम!” श्रीपती ओरडला. सत्तर वर्षांच्या दोस्तीत मी त्याला असा ओरडताना ऐकला नव्हता. “ही मारकी न्हाई वो! हिला चटकं बसत्यात! तुमच्या पिलॅष्टिकचं!”

“स्वेटर काढताना बसतो तसा?” मॅडमचे डोळे मोठे झाले. “आणि आम्ही तिला हट्टी म्हणत होतो?”

पण श्रीपती ऐकत नव्हता. त्यानं चुन्याचा कुंचा उचलला, ओट्याच्या कडेवर आपटून त्याची दांडी मोडली आणि म्हणाला, “घ्या. ह्यो झाला तुमचा डँडी!”

मग कुंचा बादलीत बुडवला, दगडावर ठेचून मऊ केला, झटकला, पुन्हा झटकला आणि कोपरावर घासून पाहिला. ठिणगी पडू नये इतका ओलसर, पण ठिबकणारा नाही. आधी घोडीला हुंगू दिला. मग कानामागून खाली, केस पडतात त्या दिशेनं, मानेवर... खांद्यावर... पाठीवर. चट् नाही, फट् नाही! दर चार हातांनी कुंचा फळीवर झटकायचा, की धुळीचा लोट! त्या धुळीत वाफाभर मेथी आली असती. पोटाशी आल्यावर केतकीनं खालचा ओठ सैल सोडला आणि एवढा मोठा उसासा टाकला, की माझी टोपी उडाली. मी नाचायचाच बाकी होतो.

राहिले पाय. सकाळी तळ्याकाठी फिरून आलेली घोडी. गुडघ्यांपासून खाली चिखल वाळून कडक झालेला. तिथं हाड कातडीलगत असतं, उभ्यानं जमत नाही. बसून, एका हातानं पाय धरून, हळूहळू काढावा लागतो.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी तुमच्यापासूनही लपवली आणि मॅडमपासूनही. श्रीपतीला दोन वर्षांपासून खाली बसता येत नाही. बसला तर दोघांनी उठवावं लागतं.

तो वाकला. अर्ध्यावर अडकला. घोडीच्या खांद्याला धरून परत उभा राहिला. पुन्हा वाकला. मी पुढं झालो, तर त्यानं मान हलवून मला थांबवलं.

“पाय राहिलेत, आबा,” मॅडम म्हणाल्या.

“व्हय. करतो. जरा... करतो की.”

मॅडमनी त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग पांढऱ्या विजारीनिशी त्या सरळ शेणामातीत मांडी घालून बसल्या आणि त्यांनी हात वर केला.

“द्या तो इकडं. खालचं मी करते. उद्यापासून पण असंच. वरचं तुमचं.”

श्रीपतीनं कुंचा दिला. हातात काही उरलं नाही, म्हणून नुसत्या तळव्यानं तो केतकीची पाठ पुसत राहिला. पाठ कधीच लख्ख झाली होती. पण मॅडम चारही पाय करून उठेपर्यंत त्याचा हात तिथंच फिरत होता, आणि त्यानं खाली एकदाही पाहिलं नाही.