पहिल्या झटक्याचा मान

सणाच्या सकाळी लाझरच्या होडीचं इंजीन असं खोकलं, असं खोकलं, की पुतुकडपुरमच्या वाळूतले खेकडे बिळातून वर आले, काय झालं ते बघितलं आणि परत आत गेले.

लाझरने पुन्हा दोरी ओढली. खॉक्! आणि गप्प. मग त्याने इंजिनाला एक लाथ घातली.

"अहो, म्हैस आहे का ती, लाथ मारल्यावर उठायला?" नायटीचा सोगा कमरेला खोचत त्याची बायको ब्रिजित धावत आली. "व्हा बाजूला!"

"काल संध्याकाळी अर्ध्या ओढीत पेटलं होतं गं!"

"मग रात्रीत तुम्ही याला काय खायला घातलंत?"

आता ब्रिजितचा जीव एवढा वरखाली का होत होता, तेही ऐका. त्या किनाऱ्यावर सणाला समुद्रमातेची मूर्ती होडीतून फिरवून आणतात. कुणाच्या होडीतून, ते फादर ठरवत नाहीत. सगळ्या होड्या पाण्यात रांगेने उभ्या राहतात, चर्चची घंटा वाजली की सगळे एकदम दोरी ओढतात. ज्याचं इंजीन आधी पेटेल आणि पेटलेलं राहील, त्याच्या होडीत माता. आणि त्या घरातली सगळ्यात म्हातारी बाई मातेच्या पायाशी बसणार.

लाझरच्या घरातली म्हातारी म्हणजे त्याची आई कत्रीना. सगळा गाव तिला अम्मच्ची म्हणायचा. वय विचारलं की सांगायची, "मी इथे सून म्हणून आले तेव्हा हा समुद्र गुडघाभर होता." पण एवढ्या वर्षांत मातेच्या पायाशी बसायला काही तिला मिळालं नव्हतं. दरवर्षी अँटनीचं इंजीन आधी पेटायचं आणि त्याची आई रोझम्मा होडीत बसून राणीसारखा हात हलवायची. आता अम्मच्चीचे गुडघे असे झाले होते की पुढच्या सणाला होडीत चढता येईल की नाही, कुणी सांगावं.

"यंदा बसवतेच तुम्हाला," ब्रिजितने शब्द दिला होता. "नाहीतर हे इंजीन विकून शिलाई मशीन घेईन."

ब्रिजित इंजीनवाल्याची पोर. पाळण्यात रडायला लागली की बाप हातात खुळखुळा नाही, पाना द्यायचा.

तिने आधी प्लग काढला. ओला होता. नाकाशी धरला. "पेट्रोलचा वासच नाही!" पुसून तो तिने इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला. "ओढा दोरी!" लाझरने ओढली. चट् करून निळी ठिणगी उडाली.

"ठिणगी आहे. म्हणजे जीव आहे बाबाचा. घशात काहीतरी अडकलंय."

पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा तिने दाबून बघितला. माल येत होता. मग कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडला आणि खाली नारळाची करवंटी धरली. करवंटीत पेट्रोल आलं, आणि पेट्रोलच्या तळाशी टपोरे थेंब मण्यांसारखे घरंगळायला लागले.

"पाणी!"

"अँटनी!" लाझरने वल्हं उचललं. "त्यानेच घातलंय! डोकं फोडतो त्याचं!"

"थांबा हो जरा."

ब्रिजितचं लक्ष जाळ्यांच्या ढिगावर बसलेल्या सासूकडे गेलं. अम्मच्चीच्या हातातली जपमाळ एवढ्या वेगाने फिरायला लागली होती की वारा सुटला. आणि तिच्या मागे वेलंकनीहून आणलेला पवित्र पाण्याचा कॅन आडवा पडला होता.

"अम्मच्ची, कॅन रिकामा कसा झाला?"

"उन्हाने आटला असेल."

"झाकण लावलेला?"

"वेलंकनीचं पाणी आहे ते. त्याला झाकण अडवतंय होय?"

"अम्मच्ची!"

"अगं, चांगल्यासाठी घातलं!" म्हातारी उसळली. "माणसाच्या पोटात गेलं तर माणूस सुधारतो, इंजीन नको सुधारायला?"

ब्रिजितने कपाळावर हात मारला आणि करवंटी वाळूत उपडी करायला गेली.

"ए, वाळूत ओतशील तर! पवित्र आहे ते!"

"मग काय पिऊ?"

"लाझरला पाज. त्याला गरज आहे."

शेवटी ते परत कॅनमध्येच गेलं. तिकडे फादर घंटेच्या दोरीकडे निघाले होते. ब्रिजितने टाकी न हलवता वरवरचं पेट्रोल बारीक नळीने बाटलीत उतरवलं. पाणी जड, ते खालीच राहिलं. तेही कॅनमध्ये ओतून टाकी पुसली, वरचं पेट्रोल परत भरलं. वाटी धुतली. पेट्रोलच्या बारीक भोकातून अशी फुंकर मारली की लाझरच्या डोक्यावरचा टॉवेल उडून नारळीवर जाऊन बसला. बाजूच्या चुलीवर कप्प्याचे कंद शिजत होते. तिथल्या निखाऱ्यावर प्लग भाजला आणि नायटीच्या टोकात धरून, चटके सोशीत, जागेवर बसवला. होडी पाण्यात ढकलली आणि घंटा वाजली!

ब्रिजितने दोरी ओढली. खॉक्!

मेलो, असं म्हणत लाझरने डोळे मिटले. पण डाव्या बाजूला खॉक्! उजव्या बाजूला खॉक्! सगळा किनारा दमेकऱ्यासारखा खोकायला लागला. अँटनीने तर एवढी जोरात ओढली की दोरी हातात आणि अँटनी पाण्यात.

ब्रिजितने दात-ओठ खाऊन पुन्हा ओढली.

घर्रर्रर्र!

पेटलं! पेटलेलंच राहिलं! किनाऱ्यावर टोप्या उडाल्या, फटाके फुटले. ब्रिजित मात्र हळूहळू सासूकडे वळली.

"अम्मच्ची. सगळ्यांच्या टाकीत?"

"मी काय एकट्या आपलंच भलं चिंतते? मोठा कॅन होता."

माता होडीत आली. अम्मच्चीला चौघांनी उचलून पायाशी बसवलं. पण एकटी होडी घेऊन जायला ब्रिजितचं मन होईना. "दोर टाका रे!" ती ओरडली. "सगळे या!"

होडीला होडी, होडीला होडी बांधली. खोटं नाही सांगत, पहिली होडी क्षितिजाला टेकली तरी शेवटची अजून वाळूतच होती, आणि ओढणारं इंजीन एकच! पेट्रोल पेटवण्यापुरतंच, ते संपल्यावर ब्रिजितने नेहमीसारखं इंजीन रॉकेलवर घेतलं आणि मागच्या होडीला ओरडून सांगितलं, "वाटीखालचा स्क्रू काढा, पाणी सोडा, टाकीतलं वरवरचं पेट्रोल घ्या, प्लग पुसा!" त्याने त्याच्या मागच्याला सांगितलं, त्याने त्याच्या मागच्याला. मग एकेक इंजीन पेटत गेलं, घर्र, घर्र, घर्र, आणि परतताना होड्या एवढ्या जोरात आल्या की लाटा मागे राहिल्या.

"ब्रिजितवहिनी," निथळणाऱ्या अँटनीने विचारलं, "पण टाकीत पाणी आलं कुठून?"

ब्रिजितने तोंड उघडलं. त्याआधीच अम्मच्ची कडाडली, "समुद्रावर जन्म गेला तुझा, आणि पाणी कुठून आलं म्हणून विचारतोस?"

अँटनी ओशाळला. मागच्या होडीत रोझम्मा तोंड फुगवून बसली होती. अम्मच्चीने तिला राणीसारखा हात हलवून दाखवला, अगदी सावकाश. मग मान उंच करून मातेच्या कानाशी कुजबुजली.

"तू बघितलंस, ठाऊक आहे मला. पुढच्या वर्षी रोझम्माला बसवू. मग झालं?"

लाट आली, होडी हलली, आणि मातेने मान डोलावली. ब्रिजित म्हणते लाटेने हलली. पण तिचं लक्ष इंजिनाकडे होतं, तिला काय दिसणार!