प्रॉम्प्टरच्या खोक्यातली प्रोफेसर

एदमे वासाल ही मनोविश्लेषक बाई आयुष्यभर गप्प बसून पोट भरत आली, असं फ्रान्समधल्या आमच्या बझांसों गावच्या नाटकवाल्यांत गमतीने म्हणतात. गंमतच आहे, पण अगदी खोटीही नाही. दुसऱ्या मजल्यावर तिची खोली, खोलीत एक सोफा, आणि सोफ्याच्या डोक्याशी तिची खुर्ची. माणसं आडवी पडून मनातलं बोलायची आणि एदमे मागे बसून ऐकायची. बोलता बोलता कुणी अडखळलं, गप्प झालं, तरी ती शब्द पुरवायची नाही. फार तर "हं…" म्हणायची. त्या "हं"वर आमच्या गावातले कितीतरी संसार सावरले. दोन-चार मोडलेही, पण ते मोडायलाच हवे होते.

त्याआधी ती शाळेत तत्त्वज्ञान शिकवायची. तिशीत तिला एका प्रश्नाने पछाडलं. रंगमंचावर नट रडतो तेव्हा नेमकं कोण रडतं? आता असले प्रश्न माणसाने वहीत लिहावेत आणि झोपावं. पण ही बाई उठून थेट नदीकाठच्या थिएटरात तालमीला जाऊन धडकली. तिथे आन्सेल्म ग्रोझां नावाचा नट बाकावर तंगड्या पसरून सॉसेज खात बसला होता. त्याने प्रश्न नीट ऐकून घेतला, बोटं पुसली आणि म्हणाला, "सांगतो. आधी त्या खुर्च्या उचलायला हात लाव."

तिने खुर्च्या उचलल्या. उत्तर काही मिळालं नाही, पण ती तिथून परत म्हणून गेली नाही. शाळा सुटली की थिएटर. नवी नाटकं वाचायची, दिग्दर्शकांशी भांडायची, "हे पात्र इथे गप्प का?" असं विचारून नटांना भंडावून सोडायची. आन्सेल्म तिला पहिल्या दिवसापासून प्रोफेसर म्हणायला लागला. ती काही प्रोफेसर नव्हती तेव्हा, पण झाली पुढे.

झाली ती एका विरामामुळे. आन्सेल्म त्या वर्षी बापाचं काम करत होता. शेवटच्या अंकात मुलगा पायाशी गुडघे टेकून क्षमा मागतो आणि बापाने म्हणायचं, "ऊठ." एका प्रयोगाला आन्सेल्म ते म्हणेचना. नुसता उभा. थिएटर श्वास रोखून बसलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईला हुंदका फुटला आणि मग कुठे तो हलक्या आवाजात म्हणाला, "ऊठ." तिसऱ्या रांगेत बसलेली एदमे घरी गेली ती वेड लागल्यासारखी लिहायला बसली. माणूस बोलायचा थांबतो तेव्हा तो सगळ्यात खरं बोलत असतो, असं तिचं म्हणणं. त्याचं जाडजूड पुस्तक झालं. मनोविश्लेषकांनी ते डोक्यावर घेतलं, तिला पॅरिसला बोलावलं. तिथे ती स्वतः वर्षानुवर्षं सोफ्यावर पडली आणि मग सोफ्यामागच्या खुर्चीत बसली. विद्यापीठं झाली, रेडिओ झाला, जपानी पाहुणे येऊन सह्या घेऊन गेले. सगळ्याच्या मुळाशी आन्सेल्मचा तो एक विराम.

आणि सोमवार. सोमवारी थिएटर बंद असतं, म्हणून सोमवारी रात्री आन्सेल्म एदमेकडे जेवायला. हा नेम कधी चुकला नाही. त्याने दोन लग्नं केली, दोन्हींत एदमे जेवून आली. दोन्ही मोडली, दोन्ही वेळा तो तिच्याकडे जेवून गेला. बाकी दोघांत काय होतं ते विचाराल, तर ते त्यांनीही एकमेकांना कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्यांच्या मनाचे गुंते सोडवणारी बाई, पण स्वतःचा धागा तिने कधी ओढून बघितला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्या वसंतातल्या एका सोमवारी आन्सेल्मने एकच किस्सा दोनदा सांगितला. एदमे दोन्ही वेळा हसली. मग त्याने काटा खाली ठेवला.

"तुला कळलंय ना?"

"काय?"

"सोफ्यामागून बोलू नकोस, प्रोफेसर. समोर बस आणि बोल."

"कळलंय," एदमे म्हणाली. "नाताळपासून."

"शब्द निसटतात गं. मासोळीसारखे. आत्ता हातात असतात आणि आत्ता नाहीत." त्याने पावाचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "हे शेवटचं नाटक. एवढं करून जातो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा घोडा झालोय, मला आणखी काही नको. पण हे मला पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत माझं मला करायचंय. आमची दिग्दर्शिका म्हणते, कानात शब्द सांगणारं यंत्र घाला."

"मग घाल की."

"कानात माशी घेऊन नाटक करू? मला खोकं पाहिजे. जुनं, प्रॉम्प्टरचं. आणि खोक्यात तू पाहिजेस."

"मी? अरे, मी लोकांना शब्द द्यायचे नाहीत म्हणून प्रसिद्ध आहे!"

"म्हणूनच. तू दिलेला एखादाच असेल, पण तो खरा असेल."

नाही कसं म्हणणार? नटांना विसरलेले शब्द खालून पुरवणाऱ्याचं ते खोकं रंगमंचाच्या कडेला मधोमध होतंच, फळ्या ठोकून बंद केलेलं. सुताराने फळ्या काढल्या तेव्हा आतून धूळ, एक मेलेली पाकोळी आणि कुणा जुन्या प्रॉम्प्टरची खोकल्याच्या गोळ्यांची डबी निघाली. एकाहत्तर वर्षांची एदमे कंबर धरून त्या खड्ड्यात उतरली. स्टुलावर बसली की तिचं डोकं बरोबर नटांच्या बुटांच्या उंचीला यायचं. "आता कळलं तत्त्वज्ञानाची जागा कुठे आहे ते," असं आन्सेल्म वरून म्हणाला आणि खूश होऊन शीळ घालणार, एवढ्यात सगळे त्याच्या अंगावर ओरडले. थिएटरात शीळ घालणं अपशकुन, हे शेंबडं पोरही जाणतं.

माएल ही दिग्दर्शिका, वयाने आन्सेल्मच्या निम्म्याहून लहान. त्याच्यावर तिचा जीव होता, म्हणूनच तिने स्पष्ट सांगितलं.

"आन्सेल्म, गुरुवारी रंगीत तालीम. न थांबता झाली, तर रविवारी दुपारचा पहिला प्रयोग तुमचा. नाही झाली, तर मला दुसऱ्याला उभं करावं लागेल. मला हे बोलताना काय होतंय ते तुम्हाला—"

"नको रडू, पोरी. तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं."

नाटकात तो म्हातारा नावाडी होता. त्याच्याकडे वर्षानुवर्षं स्वयंपाक करणारी बाई शेवटी बॅग भरून निघते आणि तेव्हा कुठे या गृहस्थाला वाचा फुटते. गुरुवारी पहिला अंक लोण्यासारखा गेला. दुसऱ्या अंकात बॅग उचलली गेली, आन्सेल्म वळला, तोंड उघडलं आणि थांबला.

आणि काय थांबला! तेच खांदे, तोच चेहरा, जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. समोर पानावर वाक्य होतं, बोट वाक्यावर होतं, पण तिचा हात आपोआप हनुवटीखाली गेला. माणूस गप्प झाला की थांबायचं, हे तिच्या हाडीमासी खिळलेलं. आन्सेल्म खोक्याकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली. आणि मग, देवा रे, त्या अख्ख्या थिएटरात स्वच्छ ऐकू आलं:

"हं…"

प्रॉम्प्टरने नटाला "हं" म्हटलं! विंगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. माएलने दिवे लावायला सांगितले. आन्सेल्म तडक आत निघून गेला.

एदमे खड्ड्यातून वर येऊन त्याच्या खोलीत पोचली तोवर त्याने नावाड्याची टोपी भिंतीवर भिरकावली होती.

"मी काय तुझ्या सोफ्यावर झोपलो होतो?" तो गरजला. "मी बुडत होतो एदमे, आणि तू काठावर बसून माझं पोहणं बघत होतीस!"

"मला वाटलं, विराम आहे. अगदी त्या रात्रीसारखा. अगदी तस्सा."

हे ऐकून आन्सेल्मचा राग उतरला. मग खुर्चीत बसला आणि टोपी उचलण्याच्या निमित्ताने खाली बघत म्हणाला, "तसाच होता. त्या रात्रीही मी विसरलोच होतो."

"काय?"

"'ऊठ.' एवढा एक शब्द. साफ विसरलो. खोक्यातला म्हातारा खोकत होता, त्याला ढास लागली होती. त्याची ढास थांबेपर्यंत मी उभा. त्या बाईला हुंदका फुटला आणि पाठोपाठ त्याने शब्द दिला."

एदमेने दाराची चौकट धरली. पुस्तक, पॅरिस, विद्यापीठं, ते जपानी पाहुणे, सगळं एका म्हाताऱ्याच्या खोकल्यावर उभं होतं.

"आणि तू मला सांगितलं नाहीस!"

"सांगायलाच आलो होतो दुसऱ्या दिवशी. तर तुझे डोळे असे लकाकत होते आणि चाळीस पानं लिहून झाली होती. कुठल्या तोंडाने सांगू? पुढे लोक माझा विराम बघायला तिकीट काढून यायला लागले. मग मीही शिकलो विराम घ्यायला. तुझं पुस्तक वाचून शिकलो, प्रोफेसर."

एदमेला रडू यायला हवं होतं, आलं हसू. असं हसू की तिला त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसावं लागलं. मग तोही हसायला लागला. माएल दारात येऊन दोन्ही म्हाताऱ्यांकडे वेड्यासारखी बघत राहिली.

"पोरी," एदमे डोळे पुसत म्हणाली, "चूक याची नाही, माझी आहे. हा विसरणार हे धरूनच मला तिथे बसवलं होतं. शिक्षा करायची तर मला कर. याला रविवार दे."

माएलने दिला. पण दुसरा नट नावाड्याच्या वेशात विंगेत उभा राहील आणि आन्सेल्म अडकला तर तिथून पुढे तो काम करेल, या अटीवर. आन्सेल्मने मान डोलावली. एदमेला वाटलं, मारेकरी विंगेत उभा करून माणसाला नाच म्हणण्यासारखं आहे हे. पण पोरीचंही चुकत नव्हतं.

"आता नीट ऐक," माएल गेल्यावर आन्सेल्म म्हणाला. "मी विराम घेतो तेव्हा माझे हात पडलेले असतात. विसरतो तेव्हा हा अंगठा अनामिकेवर घासतो. शाळेत फळ्यासमोर उभं केलं की असंच व्हायचं. त्या रात्रीही घासत होता."

"मी चेहऱ्याकडे बघत होते."

"सगळे चेहऱ्याकडेच बघतात गं."

रविवारी दुपारी थिएटर भरलं. कुणी कुणाला शुभेच्छा दिल्या नाहीत. आमच्यात ते अशुभ. रीतीप्रमाणे आन्सेल्मने खाली वाकून खोक्यातल्या तत्त्वज्ञ बाईला एक शेलकी शिवी हासडली, तिने त्याहून शेलकी परत केली. प्रयोग सुरू होण्याचे तीन ठोके पडले. पडदा उघडला.

एदमेने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. अंगठा हलला की शब्द. पहिल्या अंकात हलला, तिने दिला. पुन्हा हलला, पुन्हा दिला. इतका हळू आणि इतका झटपट की पहिल्या रांगेलाही पत्ता लागला नाही. दुसऱ्या अंकात जास्त वेळा हलायला लागला. एकही शब्द तिने खाली पडू दिला नाही.

मग बॅग उचलली गेली. आन्सेल्म वळला आणि थांबला.

अंगठा हलत नव्हता. हात पडलेले होते. म्हणजे विराम. एदमे थांबली. विराम वाढत गेला. विंगेतला दुसरा नट एक पाऊल पुढे आला. तिने प्रथमच वर बघितलं. आन्सेल्म तिच्याकडे बघत होता, बॅगवाल्या बाईकडे नाही, तिच्याकडे. थांबावं की बोलावं? तिची सगळी विद्या, तिची सगळी पुस्तकं म्हणत होती की थांब. पण समोर आन्सेल्म होता, आणि तो बुडत असेल तर? तिने पानाकडे न बघता वाक्य म्हटलं. कुजबुजायचं असतं, पण तिचा आवाज फुटला आणि पहिल्या रांगेने तो ऐकला.

"जाऊ नकोस. तुझ्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. एवढंच सांगायचं राहून गेलं."

म्हणून झालं आणि तिचं तिलाच कळलं की आपण हे कुणाला म्हटलं. खड्ड्याच्या अंधारात तिचे कान तापले. आन्सेल्मच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. मग तो बॅगवाल्या बाईकडे वळला आणि तेच वाक्य भरल्या आवाजात, एकही अक्षर न चुकता म्हणाला. विंगेतला नट मागे सरला. पुढचं सगळं आन्सेल्मने एकट्याने म्हटलं, शेवटच्या शब्दापर्यंत.

टाळ्या, फुलं, माएलची मिठी, सगळं आटोपल्यावर त्याच्या खोलीत दोघंच उरले. तो आरशासमोर रंग पुसत होता.

"शेवटी मी घाई केली का रे?" एदमेने विचारलं. "अंगठा हलत नव्हता."

"नव्हता."

"मग?"

"ते वाक्य मला येत होतं, प्रोफेसर. झोपेतून उठवलं तरी म्हणालो असतो. तू म्हणतेस का, ते बघत होतो."

खरं बोलत होता की लाज राखत होता, कुणास ठाऊक. ओळखणं हा तिचा धंदाच होता, पण तिने ओळखायचा प्रयत्न केला नाही. "हं…" ओठांवर आलं होतं, तेही तिने गिळून टाकलं.

"म्हटलं ना शेवटी?" ती म्हणाली. "आणि खरंच म्हटलं. आता उद्या जेवायला ये."

"उद्या सोमवार आहे का?"

"सोमवार आहे. पण मंगळवारीही ये. रोजच ये. सामानच घेऊन ये."

आन्सेल्मने आरशातून तिच्याकडे बघितलं. रंगाचा बोळा खाली ठेवला. तो हसत होता, पण मांडीवर त्याचा अंगठा अनामिकेवर घासायला लागला होता.

"आणि वाट विसरलो तर? घर विसरलो तर? एक दिवस तुझं नाव—"

"मी सांगेन," एदमे म्हणाली. जराही न थांबता.