टँकरपाशी लावलेली पाटी

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे, मित्रांनो. शिकलेली नाही, पण लोकांनी मला पुष्कळ वाचलंय. शेंद्र्याकडच्या एका कारखान्यातून भंगारात निघालेलं पिंप कापून फारूख पेंटरने मला ठोकून सरळ केलं, पांढरा रंग दिला आणि माझ्यावर पहिली अक्षरं काढली: ‘येथे प्लॉट मिळतील. पाणी मुबलक.’ जालना रस्त्यालगत, करमाडच्या अलीकडे, मला एका उजाड शेतात उभं केलं. ते मुबलक पाणी मीही बरेच दिवस शोधत होते. पण लिहिणाऱ्याला उलट विचारणं पाटीला शोभत नाही, असा तेव्हा माझा समज होता.

प्लॉट विकले गेले, घरं झाली, त्यांची सोनखांब वसाहत झाली. शहर वाढत वाढत आमच्यापर्यंत पोचलं, पाणी तेवढं वाटेत कुठंतरी राहिलं. मग माझ्यावर ‘येथे थुंकू नये’ असं लिहिलं गेलं. त्या तीन वर्षांबद्दल मला फार बोलायचं नाही. लोक थांबून वाचायचे आणि मग नेम धरायचे.

पुढे तो दुष्काळ आला. दिवाळीलाच बोअर आटले आणि वसाहतीत रोज सकाळी टँकर येऊ लागला. टँकर उभा राहायचा तिथंच मला रोवलं. पाणीवाटपावर मुकादम होता बन्सी. रोज आल्या आल्या तो मला फडक्याने पुसायचा. आधीची तीन वर्षं आठवली की त्याच्या त्या फडक्याने मला भरून यायचं.

त्याच दिवसांत गोवर-रुबेलाच्या लसीची मोहीम निघाली. शाळेत सुई टोचली की मुलाच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर शाईची खूण करायचे. पण वसाहतीतली पंचवीसेक घरं बिचकत होती. बन्सीच्या साहेबांनी बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं, "जोर लावा." बन्सीच्या हातात जोर लावण्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे टँकरचा पाइप. दुसऱ्या दिवशी फारूखने माझ्यावर लाल अक्षरं काढली: ‘लस नाही तर पाणी नाही. अंगठा दाखवा.’

खरं सांगते, मी हुरळून गेले. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझं ऐकत होते.

रांगेत घागरींबरोबर मुलं उभी राहू लागली. ज्यांच्या घरी मुलंच नव्हती त्यांची पंचाईत झाली. ऐंशीच्या घरातल्या सांडूबाबांनी शेजारच्या आठ वर्षांच्या तहरीमला उसनं आणलं. तिच्या नखावरची शाई ठसठशीत होती. ती सांडूबाबांची नात झाली, मग गोजरबाईंची भाची झाली, मग केसरबाईंची धाकटी लेक झाली. केसरबाईंची साठी कधीच उलटून गेली होती. चौथ्या खेपेला बन्सीने तिला निरखून पाहिलं.

"नाव काय गं तुझं?"

"आज कोणतं सांगू?" तहरीम म्हणाली.

रांग पोट धरून हसली. बन्सी मात्र चिडला. त्या दिवसापासून उसने अंगठे बंद झाले आणि घरोघरच्या मुलांची यादी आली. बिनमुलांचे सुटले. अडकली ती राहत नावाची एक आई.

राहत कपडे शिवायची. तिचं घर माझ्या अगदी समोर, दारातून खाट दिसायची. खाटेवर तिचा सहा वर्षांचा अझहर दहा दिवस तापाने पडून होता.

"बन्सीभाऊ, मी सुईला नाय म्हणत नाय," ती म्हणाली. "डॉक्टर बोलला, आधी ताप उतरू द्या, मंग टोचा. लेकराच्या कपाळावर पट्टी ठेवायला घरात पाणी नाय."

"ताई, पाटी वाचा. तापाचं काय लिवलंय का तिच्यावर?"

लिहिलेलं नव्हतं. मी खालपर्यंत आठवून पाहिलं. राहत रिकामी घागर घेऊन परत गेली. शेजारणी तांब्या तांब्या देत होत्या, पण त्यांच्याकडेही तांब्याच होता. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही तेच. मला माझ्या लाल अक्षरांची लाज वाटू लागली.

तिसऱ्या दिवशी रांगेतून सदाशिवराव पुढे आले. हयातभर सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसलेला माणूस. ‘पाणी मुबलक’ वाचून प्लॉट घेणाऱ्यांत ते पहिले, त्यामुळे माझ्यावर त्यांचा विश्वास असा नव्हताच.

"बन्सी, या आदेशाचा जावक क्रमांक काय?"

"कुठल्या आदेशाचा?"

"या पाटीवरच्या. आदेश म्हटला की तारीख असते, सही असते, जावक क्रमांक असतो."

"साहेब तोंडी बोलले, काका."

"लस वाढवायला बोलले, का पाणी तोडायला?"

बन्सी हळू आवाजात म्हणाला, "माझ्या बहिणीची पोर गोवरानं गेली. चार वर्षांची व्हती. तुम्हाला कागद पायजे, मला लेकरं जितीजागती पायजेत."



"मलाही तीच हवीत रे," सदाशिवराव म्हणाले. "माझ्या नातवंडांना मी स्वतः टोचून आणलंय. लोकांना समजावायचा तुला पूर्ण अधिकार आहे. पण पाणी अडवायचा कुणी दिला?"

बन्सीने त्यांना आपल्या मोटारसायकलवर बसवलं आणि थेट कचेरी गाठली. पुढचं मला सांडूबाबांकडून कळलं. तासभर फायली उपसल्या. आदेश कुठंच नव्हता. माझ्या नावाचा एकच कागद सापडला, थुंकण्याच्या तक्रारीचा. साहेब म्हणाले, "मी फक्त जोर लावा म्हणालो होतो." "मग तेवढं लेखी द्या," सदाशिवराव म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. त्यांना तिथून उठवण्यासाठी अखेर पत्र निघालं: लस पालकांच्या संमतीनेच द्यावी, लस घेतली नाही म्हणून पाणी रोखण्याचा या कार्यालयाला अधिकार नाही. सदाशिवरावांनी त्यावरचा जावक क्रमांक परतीच्या वाटेवर तीनदा मोठ्याने वाचला म्हणे.

आल्या आल्या बन्सीने दोन घागरी भरल्या आणि स्वतः खांद्यावरून राहतच्या दारात नेल्या.

"चुकलो, ताई."

"आत ठेवा, भाऊ," ती एवढंच म्हणाली. पट्टी भिजवायची घाई होती.

अझहरचा ताप उतरला. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर राहतने त्याला लस टोचून आणली, आणि अझहर घाबरतो म्हणून बन्सी सोबत गेला. बाकीच्या घरी तो संध्याकाळी जाऊन बसू लागला. कधीच कुणाला न सांगितलेली भाचीची गोष्ट तो दारोदार सांगत होता. अठरा घरांनी ऐकलं. सात घरांनी नाही ऐकलं. त्या सात घरांच्या घागरीही तो काठोकाठ भरायचा. भरताना त्याचा चेहरा मला बघवत नसे, पण पाइप त्याने कधी आखडता घेतला नाही.

मित्रांनो, आता माझा रंग उडालाय, कडा गंजल्यात. मला पुसत जा, जमलं तर वर्षातून एकदा रंग द्या. आणि माझ्यावर काही लिहिलेलं दिसलं, तर मान खाली घालण्याआधी हे कोणत्या अधिकाराने लिहिलं, ते विचारा. मला राग येणार नाही. पहिल्याच दिवशी कुणी विचारलं असतं, तर अझहरच्या कपाळावरची पट्टी तीन दिवस कोरडी राहिली नसती.