गैरहजर माणसाविषयी

आमच्या बहाई मंडळीत परनिंदेला सक्त मनाई. गैरहजर माणसाविषयी वाईट बोलायचं नाही. नियम सोन्यासारखा, पण आमच्या लोकांनी त्याचं कुलूप करून टाकलं. वाईट नको म्हणता म्हणता गैरहजर माणसाविषयी काहीच बोलायचं नाही, असं होऊन बसलं.

मी कॉलेजात इतिहास शिकवते, म्हणून मंडळीचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मंडळीत येणं कधीच सोडलेल्या माझ्या आत्याबद्दल विचारलं की जो तो हाताची घडी घालून गप्प. बाबा तर म्हणाले, "ती येत नाही. बस्स. मागे बोलू नये."

मग मी थेट आत्याकडेच गेले. तिच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते, तरी ती उशीला टेकून कुणाच्या तरी ब्लाउजला हूक शिवत होती. तिने सगळं सरळ सांगितलं. अभ्यासवर्ग तेव्हा तिच्याच घरी भरायचा, शिलाई मशीन भिंतीला सरकवून. तिची लेक गेली, त्यानंतरचा पहिलाच वर्ग. पाठ होता मृत्यूनंतरच्या आत्म्याच्या प्रवासाचा. ती म्हणाली, "मला हे आज पटत नाहीये." वर्ग घेत होते तिचे भाऊ, म्हणजे माझे बाबा. ते म्हणाले, "पुढचा परिच्छेद वाचा." ती उठून स्वयंपाकघरात गेली. वर्ग संपल्यावर सगळे दार हळूच लोटून निघून गेले आणि पुढच्या आठवड्यापासून वर्ग आमच्या घरी भरू लागला.

"लिही हे खुशाल," आत्या म्हणाली. मग दोरा तोडता तोडता तिने विचारलं, "दादा येईल का गं एकदा?"

दर एकोणीस दिवसांनी भरणाऱ्या आमच्या सभेत मी ते पान वाचलं. खुर्च्या करकरल्या. मंडळीतले दातांचे डॉक्टर उगाच चष्मा पुसत बसले. खजिनदारकाकू म्हणाल्या, "अगं, ही निंदाच झाली की!"

माझा राग काही आवरला नाही. "सत्य स्वतः शोधा, सत्य स्वतः शोधा म्हणून लहानपणापासून माझे कान किटवलेत. शोधलं. आता ऐका."

सभा संपल्यावर चपला घालताना बाबा म्हणाले, "मला वाटलं, सावरेल ती. नंतर विचारायचंही तोंड राहिलं नाही. चल."

बाबा आत्याच्या खाटेशी बसले. म्हणाले, "तुझ्याविषयी इतक्या वर्षांत कुणी एक वाईट शब्द काढला नाही. खरंच सांगतो."

आत्याने त्यांचा हात धरला. "काढायचा होता रे दादा. फिरत फिरत माझ्या कानावर तरी आला असता."

बाबा तिच्या पांघरुणात तोंड खुपसून रडले. मीही रडले.

थोड्याच दिवसांत ती गेली. मृतांसाठीची आमची प्रार्थना एकाने म्हणायची, बाकीच्यांनी उभं राहायचं. बाबांनी म्हणायला घेतली आणि मध्येच त्यांचा आवाज गेला. सगळी मंडळी उभी होती. पुढचं वाचा, असं कुणी म्हटलं नाही. आम्ही थांबलो.