अडीच ते तीन फूट

मी एक जुने दार आहे. मला याच घरातल्या सुताराने स्वतःच्या हाताने घडवले. पॉलिशचे तीन हात दिले. येणारा-जाणारा कौतुकाने मला कुरवाळायचा आणि मी फुगायचे. पावसाळ्यात जरा जास्तच.

मग भिंगरी जन्मली. नवरा-बायकोने एक शहाणा नियम केला: पोरीसमोर भांडायचे नाही. भांडण आले की मला लावायचे, कडी घालायची, मग तोंड सोडायचे. आठवड्यातून चारदा तरी. दार लावले की आवाज आत राहतो, अशी दोघांची समजूत. मित्रांनो, सुतारालाच आपल्या फळीची जाडी ठाऊक नसावी, याला काय म्हणावे!

बाहेरून भिंगरीचा गाल मला टेकलेला असायचा.

एका दुपारी माझी कडी आतून लागली, आणि दोघेही बाहेर!

"भिंगरे, दार उघड गं! आई आहे मी."

आत स्टूल ओढून भिंगरीने कडी घातली होती. बाहुलीला भिंतीशी बसवून ती दातओठ खात होती, "अहो, तुम्हाला कोणी विचारलंय? मी निघून जाईन! पोरीला तुमच्यापाशीच टाकून जाईन!"

मग दाराकडे वळून म्हणाली, "बाहेर खेळा जा. आम्ही बोलतोय."

बाहेर आईने तोंडाला पदर लावला.

पुढे कडी भिंगरीला निघेना. ती रडू लागली. सुताराने पटाशी घालून मला फोडले.

संध्याकाळी तो माझ्यापुढे बसून ठिगळ लावत होता. बायको म्हणाली, "तो कसला तेलकट डाग? पुसा की."

"पुसला जायचा नाही. मुरलाय." त्याने टेप लावली. "अगं, अडीच फुटांवर सुरू होतो, तीन फुटांपर्यंत चढत गेलाय."

भिंगरी आली. सवयीने तिने गाल टेकवला. बरोबर तीन फुटांवर.

टेप कितीतरी वेळ सुताराच्या हातात तशीच ताणलेली राहिली.

कडी परत बसली नाही. भांडणे संपली असे म्हटले, तर ते खोटे ठरेल. आवाज उतरले, एवढेच. पण अजूनही आई दुकानात निघाली की भिंगरी माझी चौकट धरून विचारते, "येणार ना गं?"

मित्रांनो, तुमच्याही घरात दार असेल. आईबाबांना त्याच्यापाशी न्या. म्हणावे, जरा वाका आणि खाली, आमच्या उंचीवर, एकदा हात फिरवून बघा.