एक्क्याण्णव काजूबिया

"शिवा, ह्यो वास कसलो रे?"

"खंयचो वास, भाऊ?"

"भाजलेल्या काजूचो."

शिपाई शिवाने तोंड मिटून घेतलं, पण जबडा हलायचा थांबला नाही. काचा तपासणाऱ्या गुरुदासने भिंगावरून डोळे काढले. आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेत खायला बंदी होती हे खरं, पण त्याची काळजी वेगळीच होती.

क्षयाचे जंतू शोधताना बेडक्याच्या काचेवरची शंभर ठिकाणं भिंगाखाली पाहिल्याशिवाय 'जंतू नाहीत' असं लिहायचं नाही, असा नियम आहे. डोळे भिंगाला चिकटलेले, मग मोजायचं कसं? गुरुदासने अठ्ठावीस वर्षांपूर्वी तोड काढली होती. डाव्या हाताशी शंभर काजूबियांचा डबा. एक ठिकाण पाहिलं की एक बी दुसऱ्या डब्यात. डबा रिकामा, काच संपली. सामानाच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी भिंगावर नंबर घातला, स्टुलावर घातला, न फिरणाऱ्या पंख्यावरसुद्धा घातला. काजूबियांवर कोणी घातला नाही.

गुरुदासने डबा टेबलावर ओतला. मोजल्या. पुन्हा मोजल्या. एक्क्याण्णव. म्हणजे शंभर ठिकाणं होण्याआधीच काच संपत होती.

"कधीपासून खातंस?"

"शिमग्यापासून. रोज नाय हां, भाऊ! काच गरम करुचो दिवो पेटलेलो असताच, म्हणान एखादी..."

"किती खाल्लंस?"

"मोजूचा काम तुमचा. माझ्याकडे झाडूचा."

शिमग्यापासून 'जंतू नाहीत' लिहिलेल्या बेचाळीस काचा फेरतपासणीसाठी खोक्यात होत्या. तालुक्याच्या क्षय तपासायच्या मशीनच्या चिपा कधीच्या संपलेल्या, त्यामुळे सगळी भिस्त या काचांवर. त्यातली एक शेवंतीकाकीची. काकी गेल्या आठवड्यात बाजारात दिसली होती. खांद्याशी तीन महिन्यांचा नातू, आणि खोकला होता तसाच. "तूच सांगलंस ना, काय नाय म्हणान!" असं ती हसून म्हणाली होती.

गुरुदासने दार लावलं. आता प्रत्येक ठिकाणाला कागदावर पेन्सिलीची एक रेघ. काकीची काच त्याने सगळ्यात शेवटी ठेवली. कारण विचारलं असतं तर त्याने 'क्रमाने घेतोय' असं सांगितलं असतं. क्रमाने ती नववी होती.

दोन दिवसांत एकेचाळीस काचा साफ निघाल्या. गुरुदासला जरा श्वास घेता आला. मग बेचाळिसावी. पन्नास रेघा. ऐंशी. नव्वद. शहाण्णवाव्या ठिकाणी, निळ्या पार्श्वभूमीवर, क्षयाच्या जंतूंच्या दोन लाल काड्या एकमेकींना टेकून पडल्या होत्या. शिळोप्याच्या गप्पा मारत बसल्यासारख्या.

डॉक्टर शर्मिष्ठा मॅडमनी काच स्वतः पाहिली. "पुन्हा नमुना द्यायला म्हणून बोलावून घ्या, आणि औषध सुरू करू. चूक कशाला सांगायची?"

"नको, मॅडम. मी जाऊन येतो."

काकी ओटीवर पाळण्याची दोरी ओढत बसली होती. गुरुदास घरापुढच्या खळ्यातच उभा राहिला.

"काकी, तुमका टीबी आसा. मी तेव्हा नाय म्हणान लिवलंय. चूक माझी. काच पुरती बघूक नाय."

"पुरती नाय म्हणजे?"

त्याने काजूबियांचं सांगितलं. काकी हसायलाच लागली. "मेल्यांनो! माका सांगूचा ना! परड्यात पोतां पडली आसत!"

हसता हसता खोकला आला. ती पाळण्याकडे पाठ करून खोकली. खोकला थांबल्यावर तिने पाळण्याकडे मान वळवली.

"ह्येका काय झाला नाय ना?"

"उद्या तपासूया. त्येकाय औषध गावताला."

"आणि मी?"

"औषध लागू पडापर्यंत... जरा लांब."

काकी उठली. गोठ्यातून सुंभाची गुंडाळी घेऊन आली. तोंडावर पदर धरून तिने सुंभाचं टोक पाळण्याच्या दोरीला गाठवलं आणि गुंडाळी सोडत पायऱ्या उतरली, तुळशीवरून पुढे गेली आणि खळ्याच्या पार टोकाला, कुंपणाच्या कुडणाला टेकून बसली. तिने दोरी ओढली. दोरी नुसतीच ताणली गेली. तिने पुन्हा ओढली.

"हालता काय रे?" उन्हाने डोळे बारीक करत तिने तिथून विचारलं.

गुरुदास ओटीच्या पायरीपर्यंत गेला. या वेळी त्याने पुरतं बघून घेतलं.

"हालता," तो म्हणाला.