गोबरगॅसवरची मासवडी

ओतूरच्या पलीकडच्या त्या वस्तीत स्वयंपाकघराची भिंत पांढरीशुभ्र असलेलं घर एकच, साळुबाईचं. गोबरगॅस आल्यापासून तिथं काजळीचं बोट उमटलं नव्हतं. पाहुणा कुणीही येवो, साळुबाई त्याला आधी भिंत दाखवायची, मग पाणी द्यायची.

आजचे पाहुणे मात्र जोखमीचे होते. पेठचा भिमाजी, त्याची बायको आणि म्हातारी आई कोंडाबाई घर बघायला आले होते. भिमाजीची लेक इंद्रायणी साळुबाईच्या नातवाला, गोरखला, मनापासून आवडली होती. आता घर पसंत पडलं की सोयरीक पक्की.

सून सरू सकाळपासून विनवत होती. "आत्याबाई, गॅसचं सांगा खुशाल. पर संडासाचं काढू नका. जेवून तरी जाऊ द्या त्यास्नी."

बैल विकल्यावर शेण कमी पडायला लागलं होतं, शेगडी भरदुपारी विझायची. तेव्हा साळुबाईने घरचा संडास गॅसच्या टाकीला जोडून घेतला. भावकीने नाकं मुरडली, मुरडू देत! ज्योत पुन्हा निळी झाली. टाकीतून निघालेली मळी खड्ड्यात मुरवून, वाळवून वावरात पडायला लागली, तशी दगडासारखी जमीन हातानं उकरता येईल इतकी मऊ झाली. ओल धरायला लागली. कांद्याला पाण्याची एक पाळी कमी लागायची.

ताटं मांडली. मासवडी, झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी.

"धूर न्हाई, राख न्हाई," कोंडाबाई म्हणाली. "सिलिंडर घेतला का काय?"

"सिलिंडर कशाला? आमचा आमीच करतो."

"शेणाचा व्हय?"

सरूच्या हातातला डाव रश्श्यातच थांबला. साळुबाईला 'व्हय' म्हणून गप्प बसता आलं असतं. पण ज्याचा तोरा भावकीत मिरवला ते सोयऱ्यांपुढं लपवायचं? आणि पाहुण्याला अंधारात ठेवून घास भरवायचा? छ्या!

"शेणाचा, आन आमचा बी. संडास जोडलाय टाकीला."

"अगं बया!" कोंडाबाईने ताट सारलं. "ह्या जाळावर रांधलं? भिमा, ऊठ. न्हाई द्यायची पोरगी!"

दारातल्या गोरखचा चेहरा उतरला.

"आन तुमच्या चुलीत काय चंदन जळतं? गवरीच ना?" साळुबाई म्हणाली.

"गवरी जनावराची असती, बाई. माणसाची न्हाई."

"म्हंजे माणसाचं बांधावर सोडायचं, पावसानं ते हिरीत उतरायचं, आन तेच पाणी तांब्यात घेऊन देवाला घालायचं. ते चालतंय तुमच्या पेठंत! जाळाला कसला आलाय इटाळ?"

कोंडाबाई जास्तच तडकली. पदर खोचून उठली, तिच्यामागं भिमाजीही. "एस.टी. कवा हाय रं, भिमा?"

तेवढ्यात भिमाजीची बायको, जी आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती, सरूच्या कानाशी लागली. सरू तिला मागच्या अंगाला घेऊन गेली. सकाळी घरनं निघाल्यापासून बिचारी कळ सोसत होती. स्टँडवर माणसं, रस्त्यावर माणसं. बाईमाणसाने जावं कुठं?

रश्श्यावर तवंग गोठत चालला.

ती परत आली. हातपाय धुतलेले. सासूकडं न बघता सरळ आपल्या ताटावर बसली.

"आतनं कडी हाय," ती म्हणाली. "पाणी हाय. माझी इंदू अंधार पडायची वाट बघत बसायची न्हाई हितं." तिने भाकरी मोडली. "वाढा हो मासवडी."

भिमाजीने आईकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि पुन्हा ताटावर बसला.

कोंडाबाई काही जेवली नाही. साळुबाईनेही आग्रह केला नाही. खाणाऱ्यांना मात्र दोन-दोनदा वाढलं. सगळ्यांचे हात धुऊन झाल्यावर म्हातारी उंबऱ्यातून गुरगुरली, "लग्नात माझं येगळ्या चुलीवर करा, सांगून ठिवते."

"करू की," साळुबाई म्हणाली. "पर लाकडं पेठवरनं तुमीच आणा."